गप्प पडलेला कर्नल: बूटच्या सुरुवातीलाच डिव्हाइसची मेमरी मॅप कशी करायची

एमएमयू (व्हर्च्युअल पत्त्याचा फिजिकल पत्ता करणारा प्रोसेसरचा भाग) चालू करणारी ओळ लिहिली, कर्नल चालवला आणि टर्मिनल मुकं झालं. स्वतःचा कर्नल लिहायला बसलेल्याच्या वाट्याला ही संध्याकाळ कधी ना कधी येतेच. आदल्या ओळीपर्यंत यूआर्टवर (सीरियल पोर्टवर) अक्षरं उमटत होती, पुढच्या ओळीपासून काही नाही. कर्नल मेला की नुसता त्याचा आवाज गेला, हेसुद्धा कळत नाही, कारण ते ज्याच्याकडून कळायचं तोच गप्प बसलाय.

या लेखात आपण एकच काम करणार आहोत. मेमरी वाटून देणारी यंत्रणा उभी राहण्याआधी एका डिव्हाइसची रजिस्टरं कर्नलच्या व्हर्च्युअल पत्त्यांमध्ये आणायची. उदाहरण ६४-बिट आर्मचं घेतलंय, मशीन क्यूएमू या एम्युलेटरचं 'व्हर्ट', आणि डिव्हाइस त्यातला पीएल०११ यूआर्ट. तुम्हाला सी येतं, पॉइंटर कळतात आणि असेंब्ली बघून घाम फुटत नाही, एवढं मी गृहीत धरतो. पत्ते आणि पेज टेबलमधल्या (कुठल्या व्हर्च्युअल पत्त्यामागे कुठला फिजिकल पत्ता, त्या तक्त्यातल्या) नोंदींची मूल्यं हेक्समध्ये आहेत, सुरुवातीचं 'शून्य-एक्स' गाळलंय. ००, ०१, १०, ११ अशा बिटांच्या जोड्या बायनरीत. बाकी आकडे साधे दशमान.

आधी मशीनचा नकाशा

व्हर्ट मशीनमध्ये इंटरप्ट कंट्रोलर ०८०००००० ला आहे, यूआर्ट ०९०००००० ला, आणि रॅम ४००००००० पासून सुरू होते. म्हणजे पहिल्या १ जीबीमध्ये डिव्हाइस आणि त्याच्या वर रॅम. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (कंट्रोल-ए, मग सी) 'इन्फो एमट्री' असं टाकलंत तर हा सगळा नकाशा डोळ्यांनी बघता येतो. एकदा बघाच, पुढे बरंच डोकं वाचतं.

यूआर्टच्या पायाभूत पत्त्यावर डेटा रजिस्टर आहे आणि तिथून २४ बाइट पुढे फ्लॅग रजिस्टर. फ्लॅगचा बिट ५ म्हणजे 'पाठवायची रांग भरली आहे'. अक्षर छापायचं म्हणजे बिट ५ शून्य होईपर्यंत थांबायचं आणि मग अक्षर डेटा रजिस्टरमध्ये लिहायचं. क्यूएमूवर एवढं पुरतं. खऱ्या बोर्डवर बॉड रेट वगैरे लावावा लागतो, पण बहुतेक वेळा बूटलोडरने ते आधीच केलेलं असतं.

एमएमयू बंद असताना हे सगळं बिनबोभाट चालतं, कारण तेव्हा तुम्ही वापरता तो पत्ता थेट हार्डवेअरचा असतो.

फळा आणि टोकन मशीन

नवख्यांचा गोंधळ होतो तो इथे. मॅपिंग म्हटलं की 'या व्हर्च्युअल पत्त्यामागे तो फिजिकल पत्ता' एवढंच डोक्यात येतं. पण पेज टेबलातली नोंद प्रोसेसरला आणखी एक गोष्ट सांगते: या पत्त्याशी वागायचं कसं.

रॅम शाळेतल्या फळ्यासारखी आहे. शंभर वेळा वाचा, फळ्यावरचं अक्षर हलत नाही. त्यामुळे 'नॉर्मल' प्रकारच्या मेमरीशी प्रोसेसर बरीच मोकळीक घेतो. कॅशमध्ये प्रत ठेवतो, लागेल असं वाटलं तर आगाऊ वाचून घेतो, दोन छोट्या लिखाणांचं एक करतो, क्रम बदलतो. डिव्हाइसचं रजिस्टर मात्र बँकेतल्या टोकन मशीनसारखं असतं. नंबर बघायला म्हणून टोकन ओढलंत की ते बाहेर आलं, परत आत जात नाही. यूआर्टचं डेटा रजिस्टर वाचलं की आलेल्या रांगेतलं एक अक्षर निघून जातं. प्रोसेसरने ते उगाच आगाऊ वाचलं, तर वापरकर्त्याने दाबलेली एक की हवेत विरली समजा. फ्लॅग रजिस्टर कॅशमध्ये अडकलं तर त्याहून वाईट. 'रांग भरली' ही शिळी प्रत वाचत तुमचा लूप जन्मभर फिरत राहील.

म्हणून आर्ममध्ये 'डिव्हाइस' हा वेगळा मेमरी प्रकार आहे. त्याच्या छटा तीन अक्षरांवर ठरतात. जी म्हणजे लिखाणं एकत्र करायला परवानगी, आर म्हणजे क्रम बदलायला परवानगी, ई म्हणजे लिखाण डिव्हाइसपर्यंत पोचण्याआधीच वाटेतून पोच द्यायला परवानगी. पुढे एन लागला की ती परवानगी नाही. लिनक्सचं आयओरिमॅप (डिव्हाइस मॅप करणारं फंक्शन) आर्म६४ वर एनजीएनआरई वापरतं, म्हणजे लवकर पोच चालेल, बाकी काही नाही. सगळ्यात कडक एनजीएनआरएनई. पीसीआयच्या कॉन्फिगरेशन स्पेससाठी लिनक्स ती वापरतं. आपल्याला एनजीएनआरई पुरे.

(रिस्क-व्ही वाल्यांनी इथे गोंधळू नये. तिथे हे गुणधर्म मुळात हार्डवेअरनेच पत्त्यांप्रमाणे ठरवून ठेवलेले असतात. पेज टेबलातून ते सांगायची सोय नंतर एका विस्ताराने आली.)

पायरी १: गुणधर्मांची यादी भरा

आर्म६४ मध्ये गुणधर्म थेट नोंदीत लिहीत नाहीत. एमएआयआर नावाच्या रजिस्टरमध्ये प्रत्येकी ८ बिटांचे ८ खण असतात, आणि पेज टेबलातली नोंद फक्त खणाचा क्रमांक सांगते. एनजीएनआरईचं मूल्य ४, नेहमीच्या कॅशवाल्या रॅमचं २५५.

कुठल्या खणात काय ठेवायचं ते तुमच्यावर आहे. मी खण ० मध्ये डिव्हाइस आणि खण १ मध्ये रॅम ठेवतो. कारण साधं आहे: क्रमांकाचे बिट लिहायला विसरलो की खण ० लागू होतो. रॅम चुकून डिव्हाइस झाली तर कर्नल गोगलगाय होतो किंवा लगेच फॉल्ट देतो, चूक ओरडून सांगते. उलट डिव्हाइस चुकून रॅम झालं तर चूक तीन आठवडे दडी मारून बसते आणि नेमकी डेमोच्या दिवशी वर येते.

पायरी २: टेबलं स्थिर ठेवा

४ केबीचं पेज आणि ३९ बिटांचा व्हर्च्युअल पत्ता घेतला की टेबलांच्या तीन पातळ्या होतात. प्रत्येक टेबल ४ केबीचं, त्यात ८ बाइटच्या ५१२ नोंदी. पहिल्या पातळीची एक नोंद १ जीबी सांभाळते, दुसरीची २ एमबी, तिसरीची ४ केबी.

टेबलांसाठी जागा आणायची कुठून? अजून मेमरी मागायला कोणी नाही. म्हणून ती कर्नलच्या बीएसएसमध्येच (सुरुवातीला शून्य असणाऱ्या चलांच्या भागात), ४ केबीच्या सीमेवर, स्थिर ॲरे म्हणून जाहीर करायची. कंपाइल करतानाच जागा ठरली, मागायचा प्रश्नच मिटला. लिनक्सही सुरुवातीच्या टेबलांसाठी हेच करतं.

कर्नल स्वतः ४०२००००० ला लिंक करा. ईएलएफ फाइल दिली तर क्यूएमू डिव्हाइस ट्री (मशीनमध्ये कुठलं डिव्हाइस कुठे आहे त्याची यादी) रॅमच्या अगदी सुरुवातीला ठेवतो. पहिले २ एमबी त्याला सोडलेले बरे.

पायरी ३: यूआर्टची नोंद हाताने लिहून बघा

मॅक्रो वापरण्याआधी एकदा कागदावर नोंद तयार करा. पहिल्या पातळीवर यूआर्ट पहिल्या १ जीबीमध्ये, म्हणजे नोंद ०. दुसऱ्या पातळीवर ०९०००००० म्हणजे १४४ एमबी, भागिले २, नोंद ७२. भागाकार नेमका बसतो, म्हणून तात्पुरत्या मॅपिंगला २ एमबीचा एक ब्लॉकसुद्धा चालेल. पण आपण ४ केबीच्या पेजची नोंद करू, कारण पुढे तीच लागणार आहे.

सर्वात खालचे दोन बिट ११, म्हणजे 'वैध, आणि हे पेज आहे'. बिट २ ते ४ मध्ये खण क्रमांक, आपला ०. बिट ६ आणि ७ शून्य, म्हणजे कर्नलला वाचता-लिहिता येतं, वापरकर्त्याच्या प्रोग्रामला नाही. बिट १० म्हणजे ॲक्सेस फ्लॅग, तो १. बिट ५३ आणि ५४ हे 'इथून कोड चालवू नका' सांगणारे, दोन्ही १. सगळं मिळून नोंद होते: ००६००००००९०००४०३.

ॲक्सेस फ्लॅग विसरणं हा जवळजवळ संस्कारच आहे. नोंद वैध, पत्ता बरोबर, परवानगी बरोबर, तरी फॉल्ट. मीही त्यात एक अख्खा रविवार घातलाय.

आणि कोड चालवण्याची मनाई केवळ सुरक्षेसाठी नाही. ती नसेल तर पुढच्या सूचना आगाऊ आणण्याच्या नादात प्रोसेसर डिव्हाइसवर वाचन करायला मोकळा राहतो. डिव्हाइस प्रकार डेटाच्या आगाऊ वाचनाला अडवतो, सूचनांचा बंदोबस्त या दोन बिटांनी करायचा.

रॅमसाठी २ एमबीचे ब्लॉक लावा. खालचे दोन बिट ०१, खण १, ॲक्सेस फ्लॅग, आणि बिट ८-९ मध्ये शेअरिंगचा ११. पहिल्या ब्लॉकची नोंद ४००००७०५ अशी येते. पहिल्या पातळीवर १ जीबीचा एकच ब्लॉक ठोकून मोकळं व्हायचा मोह होईल. व्हर्ट मशीनला डीफॉल्ट रॅम १२८ एमबीच असते, बाकीच्या जागेवर काहीच नाही. जिथे काही नाही तो भाग नॉर्मल म्हणून दाखवला, तर प्रोसेसरला तिथे आगाऊ डोकवायचं निमंत्रणच मिळतं. ६४ ब्लॉक लिहा, एका लूपचं काम आहे.

पायरी ४: एमएमयू चालू करा

टीटीबीआर० या रजिस्टरमध्ये खालच्या अर्ध्या पत्त्यांच्या टेबलाचा पत्ता जातो, टीटीबीआर१ मध्ये वरच्या अर्ध्यांच्या. सुरुवातीला टीटीबीआर० मध्ये जसाच्या तसा नकाशा ठेवा, म्हणजे व्हर्च्युअल तोच फिजिकल. तो लागतोच, कारण एमएमयू चालू झाल्यानंतरची पहिली सूचना जुन्याच पत्त्यावरून आणली जाते. टीसीआर रजिस्टरमध्ये दोन्ही बाजूंचा आकार २५ (६४ वजा ३९). इथे एक जुना खड्डा आहे: ४ केबी पेजसाठी, पेजचा आकार सांगणाऱ्या टीजी० मध्ये ०० लिहितात, पण टीजी१ मध्ये १०. सारखेच आकडे टाकलेत की वरचा अर्धा भाग चालत नाही आणि खालचा मात्र झकास चालतो.

मग क्रम असा: बॅरियर (आधीची लिखाणं पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना, आर्ममध्ये डीएसबी), टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतरांची प्रोसेसरमधली कॅश) साफ, बॅरियर, आयएसबी (पुढच्या सूचना नव्याने आणायला लावणारी सूचना), एससीटीएलआर या नियंत्रण रजिस्टरचा बिट ० चढवा, पुन्हा आयएसबी.

क्यूएमूवर एवढ्याने भागतं. खऱ्या बोर्डवर दोन गोष्टी तुमची वाट बघत असतात. क्यूएमू कॅशचं अनुकरण करत नाही, त्यामुळे तिथे त्या कधीच दिसत नाहीत.

पहिली म्हणजे, एमएमयू बंद असताना तुमचं लिखाण कॅशला वळसा घालून थेट रॅममध्ये जातं. त्याच पत्त्याची जुनी, कचरा असलेली प्रत कॅशमध्ये पडून असेल, तर एमएमयू चालू झाल्यावर पेज टेबल म्हणून तो कचरा वाचला जाऊ शकतो. म्हणून टेबलांच्या जागेवरची कॅश रद्द करावी लागते.

दुसरी माझ्या अंगावर आलेली. एमएमयू बंद असताना सगळी डेटा मेमरी सर्वात कडक डिव्हाइस प्रकारची मानली जाते. तेव्हा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत घिरट्या घालायला लावणारा लॉक) ज्यांवर चालतो त्या विशेष लोड-स्टोअर सूचना नीट चालतील याची हमी नाही. माझ्या छापणाऱ्या फंक्शनमध्ये शिस्त म्हणून लॉक होता. क्यूएमूवर रोज छापत होता, टेबलावरच्या बोर्डवर पहिल्याच अक्षराआधी अडकला. यूआर्टची वायर तपासली, दुसरी लावली, बॉड रेट तपासला, बोर्डवाल्यांना शिव्या घातल्या. बोर्ड निर्दोष होता. एमएमयू चालू होईपर्यंत लॉक घ्यायचाच नाही, एवढं केलं आणि अक्षरं आली. याच कारणाने त्या काळातला कोड 'स्ट्रिक्ट अलाइन' पर्यायाने कंपाइल करा. डिव्हाइस मेमरीवर सीमेवर न बसणारं वाचन सरळ फॉल्ट देतं.

पायरी ५: डिव्हाइससाठी कायमची खिडकी

आता कर्नल वरच्या पत्त्यांवर उडी मारतो आणि टीटीबीआर० मधला तात्पुरता नकाशा काढून टाकतो. ०९०००००० हा पत्ता त्याच क्षणी मेला. लेखाच्या सुरुवातीला टर्मिनल मुकं झालं त्याचं हे दुसरं नेहमीचं कारण. पहिलं अर्थात यूआर्ट मॅपच न करणं.

उपाय: व्हर्च्युअल पत्त्यांचा एक तुकडा कंपाइल करतानाच डिव्हाइससाठी राखून ठेवायचा. लिनक्समध्ये याला फिक्समॅप म्हणतात. पत्ता आधीच ठरलेला, त्यामागे काय बसवायचं ते चालताना ठरतं. वरच्या अर्ध्या भागातले शेवटचे २ एमबी घ्या. पहिल्या पातळीवर नोंद ५११, दुसऱ्या पातळीवरही ५११, आणि त्याखाली तिसऱ्या पातळीचं एक स्थिर टेबल. झाल्या ५१२ खिडक्या, प्रत्येकी ४ केबीची. खिडकी ० यूआर्टला, पुढच्या लागतील तशा.

सगळ्यात शेवटची खिडकी मात्र रिकामी सोडा. लिनक्ससारखे कर्नल −१ ते −४०९५ हे एरर क्रमांक पॉइंटरमध्ये कोंबून परत करतात, आणि ते पत्ते नेमके शेवटच्या पेजमध्ये पडतात. तिथे काही मॅप नसेल तर असा पॉइंटर चुकून वापरल्यावर लगेच फॉल्ट येतो. आपल्याला तेच हवं.

मॅप करणारं फंक्शन लिहिताना पत्ता दरवेळी पेजच्या सीमेवर असतोच असं नाही, हे ध्यानात ठेवा. व्हर्टवरची व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली) डिव्हाइसं ०ए०००००० पासून प्रत्येकी ५१२ बाइटवर आहेत, म्हणजे एका पेजमध्ये ८. तिसरं डिव्हाइस ०ए०००४०० ला. खालचे १२ बिट बाजूला काढायचे, उरलेला पत्ता नोंदीत घालायचा, आणि मिळालेल्या व्हर्च्युअल पत्त्यात ते १२ बिट परत मिळवायचे. लांबी मोजताना आधी ते बिट लांबीत मिळवा आणि मग बेरीज वरच्या पूर्ण पेजपर्यंत न्या. उलट केलंत तर दोन पेजांवर पसरलेल्या डिव्हाइसचं दुसरं पेज राहून जातं.

रिकाम्या खिडकीत नवी नोंद लिहिली की डीएसबी आणि आयएसबी पुरतात. फॉल्ट देणारी नोंद आर्म टीएलबीमध्ये ठेवत नाही. भरलेली खिडकी बदलायची असेल तर मात्र आधी नोंद शून्य, मग टीएलबी साफ, मग नवी नोंद. हा क्रम मोडू नका.

खिडकी नीट बसली का ते बघायला एक छान युक्ती आहे. पीएल०११ च्या पायापासून ४०६४ बाइटवर त्याच्या ओळखीचा पहिला भाग असतो. तिथे १७ वाचलं गेलं तर समोर पीएल०११ आहे. वाचन नेहमी व्होलटाइल पॉइंटरमधून, ३२ बिटांचं. नाहीतर कंपायलर स्वतःच दोन वाचनांचं एक करेल आणि पेज टेबलावर घेतलेली मेहनत पाण्यात.

पायरी ६: पत्ता डिव्हाइस ट्रीमधून घ्या

आतापर्यंत ०९०००००० कोडमध्ये कोरला होता. तो डिव्हाइस ट्रीमध्ये असतो, आणि ट्री वाचायला आधी ट्रीच मॅप करावी लागते. लिनक्सच्या बूट करारानुसार तिचा फिजिकल पत्ता एक्स० रजिस्टरमध्ये येतो, ती ८ बाइटच्या सीमेवर असते आणि २ एमबीपेक्षा मोठी नसते. तेवढी जागा राखली की झालं. पण ट्री रॅममध्ये असते, ती नॉर्मल म्हणूनच मॅप करा. नावात 'डिव्हाइस' बघून डिव्हाइस प्रकार लावला की स्ट्रिंग तुलना करणारं फंक्शन सीमा न बघता वाचतं आणि फॉल्ट.

ट्रीमधले आकडे बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) असतात, उलटवून घ्या. आणि 'रेंजेस' (बसच्या पत्त्याचा प्रोसेसरचा पत्ता कसा करायचा ते सांगणारी नोंद) वाचायचा कंटाळा करू नका. व्हर्टवर तो फुकट वाटतो, पण रास्पबेरी पाय ३ वर ट्री ७ई०००००० ने सुरू होणारे बसचे पत्ते देते आणि प्रोसेसरला तीच डिव्हाइसं ३एफ०००००० पासून दिसतात.

पायरी ७: हस्तांतर

मेमरी वाटणारी यंत्रणा आणि व्हर्च्युअल जागेचा हिशेब उभा राहिला की कायमचं मॅपिंग करा, कन्सोलचा पॉइंटर नव्या पत्त्यावर वळवा, आणि त्यानंतरच जुनी खिडकी मोकळी करा. क्षणभर दोन्ही मॅपिंग एकाच वेळी असतील, चालतं, पण दोन्हीकडे गुणधर्म तेच हवेत. एकाच फिजिकल पेजवर एक डिव्हाइस आणि एक नॉर्मल असं मॅपिंग म्हणजे दुखणं विकत घेणं.

लिनक्समध्ये या सुरुवातीच्या काळासाठी अर्ली_आयओरिमॅप आहे. आर्म६४ वर त्याच्याकडे ७ जागा, प्रत्येकी जास्तीत जास्त २५६ केबी. काम झालं की परत करायच्या. बूटच्या शेवटाकडे कर्नल मोजणी करतो आणि एखादी परत केली नसेल तर गळतीचा इशारा छापतो. 'अर्लीकॉन' हा बूट पर्यायही यूआर्टसाठी फिक्समॅपमधलीच खिडकी वापरतो. खरा ड्रायव्हर आला की जुना कन्सोल बंद होतो. नेमकं तिथेच सगळं गप्प झालं तर कमांड लाइनवर 'कीप_बूटकॉन' टाका, जुना कन्सोल बोलत राहील.

तरीही गप्प असेल तर

जीडीबी (डीबगर) जोडा आणि ईएसआर व एफएआर ही दोन रजिस्टरं वाचा. एफएआर कुठला पत्ता फसला ते सांगतं. ईएसआरचे बिट २६ ते ३१ मिळून ३७ होत असतील तर कर्नलच्याच डेटा वाचन-लिखाणात गडबड झाली, आणि मग खालचे ६ बिट कारण सांगतात. ५, ६ किंवा ७ आला तर अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीवर नोंदच नाही. ११ म्हणजे तिसऱ्या पातळीवर ॲक्सेस फ्लॅग विसरलात. १५ म्हणजे तिथे परवानगी नाही. ३३ म्हणजे सीमेवर न बसणारं वाचन, बहुधा डिव्हाइस मेमरीवर मेमकॉपी चालवलंय. १६ आला तर पेज टेबल चाळत बसू नका, ते ठीक आहे. पत्त्यापलीकडून उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फिजिकल पत्ता पुन्हा तपासा, आणि खऱ्या बोर्डवर त्या डिव्हाइसचा क्लॉक आणि वीजपुरवठा चालू आहे का ते बघा.